चार इंच

हिमानी सकाळी सातला निजते.
कंपनीची गाडी तिला गेटाशी सोडते,
ती चहा नको म्हणते, बूट हातात घेऊन आत जाते,
आणि पारसिकच्या डोंगरामागून उठलेलं ऊन
घेणेकऱ्यासारखं, दार न वाजवता,
तिच्या मागोमाग.

मीही रबाळ्याला तिसरी पाळी केली, एकोणतीस वर्षं.
तेव्हा पडदा कसला. काचेवर वर्तमानपत्र,
मैद्याची खळ करून डकवलेलं.
उजेडात मागची अक्षरं उलटी उमटायची.
मी बाजारभाव वाचत झोपायचो :
कांदा, चांदी, एरंडेल.

आधी दुकानातच गेलो. वाशी, सतरा सेक्टर.
छतापर्यंत ताके, आत गारठा.
साइज? पोरानं विचारलं.
मी दोन्ही हात पसरले. एक वाव, वर वीतभर कमी.
तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण.
म्हणाला, काका, घरी मोजा, मग या.
एक मोरपंखी मनात भरला होता,
दारात नेऊन उन्हात धरला,
तर नुसताच हिरवा.

मग हे तुंगेकर. फोन केला की घरी येतात,
माप फुकट, नमुन्यांची बॅग खांद्याला,
पनवेलहून स्कूटरवर.
उंबऱ्याबाहेर चपला काढताना विचारलं,
कोणी झोपलंय का?

खिडकी नेमकी तिच्या उशाशी.
लाल ठिपक्याचं यंत्र त्यांनी बॅगेतच ठेवलं,
ठिपका डोळ्यांवर गेला असता.
टेप काढली. पत्रा कडाडू नये म्हणून
अंगठ्यानं दाबत दाबत सोडली,
निजल्या पोराच्या अंगाखालून
पांघरूण काढावं तशी.
दुसरं टोक माझ्या हातात.
दोन बाप्ये, श्वास धरून,
आणि तिच्यावरून ताणलेली पिवळी पट्टी.
आकडे त्यांनी तळहातावर लिहिले, बॉलपेननं.

बाहेर येऊन कुजबुजले,
चौकट डावीकडे पाऊण इंच बसलीय.
बावीस वर्षं मी या घराचे हप्ते भरले,
कुणी सांगितलं नव्हतं.
मग विचारलं, डिसेंबरात ऊन कुठवर येतं?
पोरगी कुठल्या कुशीवर झोपते?
डाव्या, म्हटलं.
मग म्हटलं, बहुतेक.

अकरा हजार सहाशे, रॉडसकट.
सांगतो, म्हणालो.
'सांगतो'चा अर्थ त्यांनाही ठाऊक.
रिकामा कप स्वतः उचलून
त्यांनी बेसिनमध्ये ठेवला.

बावन्न बाय चौसष्ट.
तळहात उलटा होता, तरी वाचला मी.
उलटं वाचायची सवय आहे मला.

दुसऱ्या दिवशी वाशी. सहा हजार दोनशे, अस्तर जाड.
माप झकास घेतलंय काका, कोणी?
मी म्हणालो,
मीच.

पडदा आला. बसला. शिवण सरळ, चुण्या सारख्या.
दहाच्या सुमाराला दार लोटून पाहिलं :
खोलीभर काळोख,
आणि भिंतीच्या कडेनं आत शिरलेली
उन्हाची एक बोटभर रेघ
तिच्या पापणीवर.
उजव्या कुशीवर होती ती.

दोन्ही अंगांना चार-चार इंच जास्त धरायचे असतात.
हे मला आता कळतंय, खुर्चीवर उभा राहून,
चिमटे लावता लावता.
तळहातावर ते लिहिलं नव्हतं.
ते त्यांच्याजवळच राहिलं होतं.

संध्याकाळी ती कामावर गेली, डोळे चोळत.
मी मैदा शिजत ठेवला,
पेपरच्या दोन पट्ट्या कापल्या, चार-चार इंची.
खळ ढवळता ढवळता गुठळ्या धरू लागली.
गॅस बंद केला.
फोनमध्ये त्यांचा नंबर 'पडदेवाले' म्हणून आहे.
लावला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं.

ऐरोलीतून बोलतोय, एवढंच म्हणालो.
पलीकडे स्कूटर थांबल्याचा आवाज.
मग ते म्हणाले,
कुठल्या बाजूनं येतंय?